आकाशातील एकाकी झुंज : स्क्वाड्रन लीडर देवय्या

म्हैसूर शहरातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता हुणसूर ओलांडून जंगलाच्या कडेने जातो, मग घाटाला लागतो आणि सुमारे १२० किलोमीटरांवर मडिकेरीला पोहोचतो. हा कोडगू जिल्हा, म्हणजे मराठी वाचकांच्या परिचयाचे जुने कूर्ग. कॉफीचे मळे, मिरीचे वेल, दरीत उतरत गेलेली भातखाचरे आणि कावेरीचे उगमस्थान ही या मुलखाची ओळख सर्वांना असते. दुसरी ओळख सैन्याची. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा याच मातीतले, जनरल थिमय्याही इथलेच. लोकसंख्येने चिमूटभर असलेल्या या प्रांताने देशाला सैनिक आणि अधिकारी किती दिले, याचे बाहेरच्या माणसाला नेहमी नवल वाटते. कोडव समाजात मुलगा जन्मला की बंदुकीचा बार काढून ती वार्ता आसमंताला कळवण्याची चाल आहे. भातलावणी आटोपल्यावर, सप्टेंबरच्या आरंभी, शस्त्रांची पूजा करण्याचा त्यांचा सण येतो. शस्त्र हे तिथे भिंतीवरचे शोभेचे लेणे नसून घरातल्या माणसासारखे मानाने वागवले जाते.

अज्जमाडा बोपय्या देवय्या यांचा जन्म या समाजात २४ डिसेंबर १९३२ रोजी झाला. कोडवांच्या नावात आधी घराण्याचे नाव येते, मग वडिलांचे आणि शेवटी स्वतःचे. अज्जमाडा हे त्यांचे घराणे. या तरुणाने वाट निवडली ती आकाशाची. १९५४ च्या डिसेंबरात ते भारतीय हवाई दलात वैमानिक अधिकारी म्हणून रुजू झाले.

ते दशक हवाई दलाच्या दृष्टीने मोठ्या बदलाचे होते. पंख्याची विमाने मागे पडत होती आणि जेट विमाने येत होती. फ्रान्सच्या दासो कंपनीचे मिस्टेअर हे लढाऊ विमान १९५७ पासून भारतात येऊ लागले. एकाच वैमानिकाचे, एका इंजिनाचे, नाकाशी ३० मिलिमीटरच्या दोन तोफा असलेले हे विमान जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करण्यास उत्तम होते. देवय्या या विमानावर तयार झाले. पुढे त्यांनी हवाई दलाच्या प्रशिक्षण महाविद्यालयात नव्या मुलांना उड्डाणही शिकवले. विमान शिकवणाऱ्याचे काम किती नाजूक असते, हे त्या क्षेत्रातील लोकच जाणतात. शेजारच्या किंवा मागच्या आसनावर बसून शिकाऊ हातांना चुका करू द्यायच्या, पण त्या जिवावर बेतण्याच्या क्षणभर आधी सूत्रे आपल्याकडे घ्यायची. त्यासाठी धीर लागतो, आणि माणसांवर लोभही लागतो. सहकारी त्यांना प्रेमाने टबी म्हणत. अंगाने जरा भरलेल्या मित्राला इंग्रजी वळणाच्या मेसमध्ये मिळणारे हे नाव. लष्करी जीवनात अशी टोपणनावे सर्वांनाच मिळत नाहीत, आणि मिळालेली सर्वच नावे मायेची नसतात. हे मायेचे होते.

१९६५ साली स्क्वाड्रन लीडर देवय्या पंजाबातील आदमपूर तळावर होते. त्यांची तुकडी पहिल्या क्रमांकाची, टायगर्स या नावाने ओळखली जाणारी. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर उभी राहिलेली ही भारतीय हवाई दलाची सर्वांत जुनी तुकडी. तिचे प्रमुख होते विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा. या चरित्रात देवय्यांच्या खालोखाल कोणाचे नाव आदराने घ्यायचे असेल तर ते तनेजांचे. कारण देवय्यांचे आयुष्य बत्तिसाव्या वर्षी संपले, आणि त्यापुढची त्यांची कथा तनेजांमुळे घडली.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले. १ सप्टेंबरला छांब भागात रणगाड्यांसह उघड आक्रमण झाले आणि त्याच सायंकाळी भारतीय हवाई दल लढाईत उतरले. ६ सप्टेंबरला भारतीय सेनेने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्या दिवशी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटच्या तळावर अचानक हल्ला केला आणि जमिनीवर उभी असलेली दहा भारतीय विमाने नष्ट केली. हा घाव मोठा होता. त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी पहाटे द्यायचे ठरले आणि लक्ष्य निवडले गेले सरगोधा.

सरगोधा हा पाकिस्तानी हवाई दलाचा सर्वांत बलाढ्य तळ. सभोवार विमानविरोधी तोफा, आणि दिमतीला अमेरिकेकडून मिळालेली सेबर व स्टारफायटर विमाने. आदमपूरहून तिथवरचे अंतर मिस्टेअरच्या पल्ल्याच्या जवळजवळ काठावर होते. जायचे, बॉम्ब किंवा अग्निबाण टाकायचे आणि थेट परतायचे, एवढाच इंधनाचा हिशेब. मध्ये कुणाशी झुंज खेळत बसण्याची चैन त्या हिशेबात नव्हती. रडारच्या नजरेतून सुटण्यासाठी झाडांच्या शेंड्यांवरून उडायचे आणि बिनतारी यंत्रावर शब्दही काढायचा नाही, अशी योजना होती.

तनेजांच्या नेतृत्वाखाली बारा विमाने जाणार होती. त्या बारांत देवय्यांचे नाव नव्हते. ते राखीव होते. राखीव वैमानिकाची स्थिती मोठी विचित्र असते. तयारी सगळी करायची, विमानात जाऊन बसायचे, इंजिन चालू करायचे, आणि सर्व काही सुरळीत झाले तर मुकाट्याने मागे राहायचे. त्या पहाटे सर्व काही सुरळीत झाले नाही. ठरलेल्या विमानांपैकी एक गळाले आणि देवय्या त्या जागी गेले. ७ सप्टेंबर १९६५ ची पहाट अजून फटफटायची होती.

अंधुक प्रकाशात मिस्टेअर विमानांनी सरगोध्यावर झडप घातली आणि ती परतीच्या वाटेला लागली. एव्हाना पाकिस्तानी विमाने वर आली होती. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांचे स्टारफायटर होते. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही दोन विमाने शेजारी ठेवून पाहायला हवीत. स्टारफायटर म्हणजे आखूड पंखांचा बाण. ध्वनीच्या दुप्पट वेग, उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे, आणि मिनिटाला हजारो गोळ्या ओकणारी सहा नळ्यांची तोफ. पाकिस्तानकडे अशी विमाने जेमतेम डझनभर होती, पण त्यांचा दरारा शेकड्यांचा होता. मिस्टेअर ध्वनीच्या वेगापेक्षा मंद, त्याच्याकडे क्षेपणास्त्र नाही, आणि त्या क्षणी इंधनही मोजके. कागदावर ही लढत नव्हतीच. एक गोष्ट मात्र मिस्टेअरच्या बाजूची होती. स्टारफायटरचे ते आखूड पंख सरळ रेषेत धावण्यासाठी होते. त्याला चटकन वळता येत नसे. जमिनीलगत, कमी वेगात, वळणावळणांची झुंज खेळण्याच्या मोहात तो पडला, तर जुने विमान त्याच्यावर मात करू शकत होते. मात्र त्यासाठी जुन्या विमानातल्या माणसाने पळून जाण्याचा विचार सोडलेला असायला हवा.

अमजद हुसेन यांनी परतणाऱ्या एका मिस्टेअरला गाठले. आधी क्षेपणास्त्र सोडले. ते लागले नाही. मग तोफ डागली. गोळे मिस्टेअरला लागले. इथे सामान्यतः कथा संपायची. घायाळ विमानातील वैमानिक एक तर छत्रीने बाहेर पडतो, किंवा धूर सोडत का होईना, घराची दिशा धरतो. त्या मिस्टेअरमध्ये देवय्या होते. त्यांनी विमान वळवले. ज्याच्यापासून निसटायचे त्याच्यावरच ते उलटून गेले. जमिनीपासून अगदी कमी उंचीवर दोन्ही विमानांची जुंपली आणि देवय्यांच्या तोफांचा मारा स्टारफायटरवर बसला. स्टारफायटर कोसळले. अमजद हुसेन वेळीच बाहेर फेकले गेले आणि छत्रीने सुखरूप उतरले. देवय्या वाचले नाहीत. त्यांचा शेवट नेमका कसा झाला, आधीच्या जखमांनी विमान निकामी झाले, इंधन सरले, की बाहेर पडण्याइतकी उंचीच उरली नव्हती, हे सांगणारा कोणी नाही.

आदमपूरला विमाने एकेक करून उतरली. मोजणी झाली. एक कमी भरले.

या टप्प्यावर देवय्यांची कथा इतर वीरकथांपासून वेगळी होते. रणांगणावरील शौर्याची नोंद होण्याची एक रीत आहे. ज्याने पराक्रम केला त्याचा वरिष्ठ शिफारस लिहितो, आणि शिफारशीला आधार लागतो तो प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सांगण्याचा. त्याच युद्धात, १६ सप्टेंबरला, पुण्यात शिकलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे नेतृत्व करताना रणगाड्यात धारातीर्थी पडले. जखमी असूनही ते मागे हटले नाहीत हे त्यांच्या शेकडो जवानांनी पाहिले होते. त्यांना परमवीरचक्र मिळाले आणि त्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. देवय्यांची झुंज कोणी पाहिली? सोबतची विमाने पुढे निघून गेली होती. बिनतारी यंत्रे मुकी होती. एकट्याच्या विमानात दुसरा साक्षी नसतो. तोफेबरोबर चालणारा कॅमेरा पुरावा टिपतो खरा, पण तो कॅमेराही विमानाबरोबर गेला. भारतीय बाजूला एवढेच ठाऊक होते की स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. विमानविरोधी तोफेचा गोळा लागला असेल, दिशा चुकून इंधन संपले असेल, काहीही झाले असेल. दप्तरात नोंद झाली : बेपत्ता.

बेपत्ता हा शब्द मृत्यूपेक्षा क्रूर असतो. त्यात आशेला जागा असते, आणि आशा माणसाला वर्षानुवर्षे दारात उभे करते. देवय्यांच्या मागे त्यांची पत्नी आणि लहान मुली होत्या. त्याच कूर्गमधल्या आणखी एका घरात त्या दिवसांत अशीच घालमेल चालू होती. निवृत्त सरसेनापती करिअप्पांचा मुलगाही लढाऊ वैमानिक. २२ सप्टेंबरला, युद्धविरामाला काही तास उरले असताना, त्याचे हंटर विमान पडले आणि तो पाकिस्तानच्या हाती लागला. पाकिस्तानचे अध्यक्ष अयुब खान फाळणीपूर्व सेनेतील करिअप्पांचे परिचित. त्यांनी मुलाची विशेष व्यवस्था करण्याची, सुटकेचीही तयारी दाखवली. सर्वच युद्धकैदी आपली मुले आहेत, एकाला वेगळे वागवू नये, असे त्या पित्याने कळवले. हा प्रसंग कोडगूत आजही सांगितला जातो. ताश्कंद करारानंतर, १९६६ च्या आरंभी, कैदी परत आले. करिअप्पांचा मुलगा आला. येणाऱ्यांच्या यादीत देवय्या नव्हते. पुढे यथावकाश त्यांना मृत घोषित करण्यात आले. सरगोध्याच्या परिसरातील गावकऱ्यांनी त्यांचा देह शेतजमिनीत पुरला होता, ही गोष्ट भारतात कळायला बराच काळ जावा लागला.

वर्षे गेली. १९७१ चे युद्ध आले आणि त्याने नवे वीर, नव्या कथा दिल्या. १९६५ मागे पडले. या युद्धातील एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. ५ डिसेंबर १९७१ रोजी अमृतसरजवळ विमानविरोधी तोफांनी एक पाकिस्तानी स्टारफायटर पाडले. वैमानिक छत्रीने उतरला आणि युद्धकैदी झाला. तो अमजद हुसेन, आता विंग कमांडर. देवय्यांच्या अखेरच्या लढाईचा जगातील एकमेव साक्षीदार भारताच्या ताब्यात होता. सुटकेनंतर तो मायदेशी परतला, आणि सहा वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेचे कोडे इथे तसेच राहिले.

ते उलगडले १९७९ साली, तेही तिऱ्हाइताच्या लेखणीतून. जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाने १९६५ च्या हवाई युद्धावर पुस्तक लिहिले. त्यासाठी पाकिस्तानी हवाई दलाने त्याला आपल्या माणसांशी बोलू दिले होते. पुस्तकाचा रोख पाकिस्तानच्या बाजूने झुकलेला आहे, हे त्याचे वाचक जाणतात. म्हणूनच त्यातील ती हकिकत मोलाची ठरली. सरगोध्याजवळ ७ सप्टेंबरला एका मिस्टेअरने, गोळे लागल्यानंतरही, उलटून झुंज दिली आणि एक स्टारफायटर पाडले, असे त्यात होते. शत्रूने आपले सर्वांत भारी विमान एका जुन्या विमानाने पाडल्याचे कबूल करावे, यापेक्षा निःपक्ष साक्ष कोणती असणार? मिस्टेअरच्या वैमानिकाचे नाव त्या पुस्तकाला ठाऊक नव्हते.

नाव ठाऊक होते तनेजांना. त्या पहाटेच्या हल्ल्यातील कोण परतले आणि कोण परतले नाही, हे त्यांच्याइतके कोणाला पाठ असणार? त्या वेळी, त्या ठिकाणी, न परतलेले मिस्टेअर देवय्यांचे. तनेजा तोवर निवृत्त झाले होते. स्वतःच्या शौर्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालेले होते, त्यांचे सेवापुस्तक मिटलेले होते. स्वस्थ बसले असते तरी कोणी बोल लावला नसता. त्यांनी हवाई दलाच्या मुख्यालयाशी पत्रव्यवहार सुरू केला. संपलेल्या युद्धाच्या पदकांची पेटी पुन्हा उघडणे ही सरकारी कारभारात सोपी गोष्ट नव्हे. शिफारशींच्या मुदती उलटलेल्या, अधिकारी बदललेले, फायली कपाटांच्या तळाशी गेलेल्या, आणि पुरावा काय तर परदेशी लेखकाचे पुस्तक आणि शत्रूची आठवण. मृताचे नाव घेऊन दारोदार फिरणाऱ्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याला वाटेला लावणे सोपे असते. तनेजांनी विषय सोडला नाही. ज्याला आपण त्या पहाटे सोबत नेले आणि परत आणू शकलो नाही, त्याचा हिशेब पुरा करणे हे त्यांनी आपलेच काम मानले असावे, असेच या चिकाटीकडे पाहून म्हणावेसे वाटते.

हवाई दलाने चौकशी केली, तारखा, वेळा व ठिकाणे ताडून पाहिली. १९८८ साली, म्हणजे घटनेला तेवीस वर्षे झाल्यावर, स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले. परमवीरचक्राच्या खालोखालचा हा युद्धकाळातील शौर्याचा सन्मान. हवाई दलात तो मरणोत्तर मिळालेले ते एकमेव अधिकारी आहेत. पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. १९६५ साली ज्या वैमानिकांचे जन्मही झाले नव्हते ते एव्हाना हवाई दलात दाखल झाले होते, आणि मिस्टेअर विमाने सेवेतून जाऊन पंधराएक वर्षे लोटली होती.

२०२५ च्या जानेवारीत या घटनेवर बेतलेला स्काय फोर्स हा हिंदी चित्रपट आला. त्यात नावे बदललेली आहेत आणि चित्रपटाच्या गरजेप्रमाणे पुष्कळ काही घातलेले आहे; त्याला इतिहास समजू नये. मात्र त्या निमित्ताने देशभरातील असंख्य लोकांनी देवय्यांचे खरे नाव प्रथमच ऐकले, हे त्या चित्रपटाच्या पदरात टाकायला हवे.

सरगोध्याकडच्या शेतात त्यांच्या नावाचा दगड नाही. मडिकेरीत खासगी बसस्थानकाजवळच्या चौकाला मात्र स्क्वाड्रन लीडर देवय्यांचे नाव आहे. शाळा सुटल्यावर गावोगावची मुले तिथे गाडीची वाट पाहत उभी असतात.